काळी गाय व्यायली का?

एकदा एक हाक आली. ती खोटी आहे हे हाक मारणाऱ्याला ठाऊक होतं. जिला ती आली तिला मात्र वाटलं, अखेर आपलं नाव कुणीतरी घेतलं.

खानदेशात, गिरणेच्या काठी, एक वृद्धा राहत असे. गाव तिला मोठी माय म्हणे. तिच्या हाताला मांडे करायची विद्या होती. ज्यांनी मांडे खाल्लेत त्यांना काही सांगायला नको, पण जे बाजारातली पुरणपोळी खाऊन तृप्त होतात त्यांच्यासाठी सांगते. मांडा लाटत नाहीत. गव्हाचं वस्त्रगाळ पीठ पाण्याने आपटून आपटून असं चिवट करायचं, की त्यात पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणला तरी फाटू नये. मग तो चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका झटक्यात टाकायचा. हात चुकला तर पुरण विस्तवात. ही कला सांगून येत नाही, पाहून येते, आणि पाहायला समोर हात लागतात.

तिच्या शेजारच्या घरात हर्षाली नावाची सून आली. ती मोठ्या मायकडे शिकायला बसली. आरंभी तिचे मांडे खापरावर कमी आणि चुलीत जास्त पडले. मोठी माय म्हणे, "पोळी आहे ती बाई, तुझी सासू नाही. इतकी जोरात आपटू नको." हर्षाली हसे, पदराने डोळे पुसे आणि पुन्हा उंडा घेई. धुराने डोळ्यांना पाणी येतं असं ती म्हणे, आणि मोठी माय तसं मानून घेई.

शिकता शिकता हर्षालीने मोबाईलवर व्हिडिओ काढायला सुरुवात केली. मोठ्या मायने एकच अट घातली. "तोंड दाखवू नको माझं. हात दाखव. हातांनी कधी लाज आणली नाही मला." म्हणून त्या व्हिडिओंत कधी चेहरा नसे. दोन सुरकुतलेले हात, त्यांवर झुलणारा पांढरा मांडा आणि मागून येणारा खरखरीत आवाज. हर्षालीने त्या पेजला 'लेकीचं खापर' असं नाव दिलं. पाहता पाहता हजारो बायका ते बघू लागल्या. सुरतेला दिलेल्या, पुण्याला दिलेल्या, कुठे कुठे दिलेल्या खानदेशच्या लेकी. कुणी लिही, ताई, माझा मांडा कडेला फाटतो. कुणी लिही, माय गेली, तिचा हात असाच होता, आज रडले. हर्षाली प्रत्येकीला उत्तर देई. तापीपलीकडची बेबाबाई नावाची एक विधवा कुरडया-पापड करून विके. तिला तर हर्षालीने फोनवरून शिकवून शिकवून स्वतःचं छोटंसं पेज उघडून दिलं होतं. दोघींनी एकमेकींना डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तरी बेबाबाई तिला "माझी ताई" म्हणे.

घरात मात्र या सगळ्याला किंमत नव्हती. सासू म्हणे, "चुलीपुढे फोन नाचवून मिळतं काय?" नवरा भला माणूस. तो म्हणे, "करू दे गं, तेवढाच विरंगुळा तिला." सासूच्या बोलण्यापेक्षा नवऱ्याचा विरंगुळा हर्षालीला जास्त लागे. भल्या माणसांना हे कधी कळत नाही.

मग एका हिवाळ्यात मोठ्या मायच्या हातांत कंप शिरला. चहाची बशी हिंदकळू लागली. मांडा ताणणं संपलं. त्यानंतर ते हात, जसे ते खरोखर होते तसे, फक्त हर्षालीच्या पेजवर उरले. फोनमध्ये जागा होत नाही म्हणून चढवलेला प्रत्येक व्हिडिओ ती फोनमधून काढून टाकत आली होती. तिला वाटे, एकदा पेजवर गेलं की ते जपलं गेलं. आपण पिढ्यान्‌पिढ्या कणगीत धान्य भरून वर शेणामातीने लिंपणारी माणसं. परक्याच्या कोठारात ठेवलेलं आपलं राहतं, हा भोळेपणा आपल्यात कुठून आला कोण जाणे.

चैत्र उतरणीला लागला होता. आखाजी जवळ आली होती. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा लेकींचा सण. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. ज्यांना कुणी न्यायला येत नाही त्या दाराशी उभ्या राहून दुसऱ्यांच्या गाड्या पाहतात. हर्षाली या दुसऱ्या जातीतली होती. तिचे आईबाप नव्हते, आणि भावाला आठवण नव्हती.

अशा दिवसांत तिला ते पत्र आलं. कागदाचं नव्हे, ईमेल. भांड्यांच्या एका नामांकित कंपनीच्या नावाने ते आलं होतं. 'प्रिय हर्षालीजी, आम्ही तुमच्या कामाचे निस्सीम चाहते आहोत. आमच्या नव्या तव्यासाठी आम्ही संपूर्ण महाराष्ट्रातून मोजक्या कलावंतांची निवड केली आहे आणि त्यांत तुम्ही आहात. आपण एकत्र काम करू या. करारपत्र सोबतच्या फाइलमध्ये आहे. सुरक्षिततेसाठी फाइलला कुलूप आहे. पासवर्ड खाली दिला आहे. कृपया मोबाईलवर न उघडता लॅपटॉपवरच उघडावी. जागा थोड्या असल्याने आज सायंकाळपर्यंत उत्तर अपेक्षित.'

हर्षाली मोबाईल हातात धरून मोठ्या मायकडे आली. पायात चप्पल नव्हती.

मोठी माय ओसरीवर डाळ निवडत होती. हात कापत, डाळ सांडे, ती पुन्हा गोळा करी. हर्षालीने पत्र वाचून दाखवलं, थांबत थांबत, 'निस्सीम चाहते' हे शब्द दोनदा.

"पुन्हा वाच," मोठी माय म्हणाली. "कुलपाचं."

हर्षालीने वाचलं.

"म्हणजे पेटीला कुलूप घातलं, आणि किल्ली पेटीलाच बांधून धाडली. मग कुलूप कुणासाठी?"

"असतं तसं कंपन्यांचं, मोठी माय."

"असेल. पत्र कुठून आलं?"

हर्षालीने पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला. कंपनीच्या नावाला पुढे एक शेपूट जोडलेलं होतं आणि त्यापुढे कुणालाही फुकट मिळतो तसला पत्ता होता. ते तिला दिसलं. दिसलेलं सगळं माणूस पाहतो असं नाही.

"कंपनीचंच नाव आहे," ती म्हणाली.

मोठ्या मायने डाळीने भरलेलं सुपडं बाजूला सारलं. "मग त्याला उत्तर लिही. लिही की, माझे ज्वारीचे मांडे तुम्हाला आवडले असतील अशी आशा करते."

हर्षाली बघतच राहिली. "ज्वारीचे? ज्वारीचा मांडा होतो का कधी? ताणायला गेलं की तुकडे पडतात. मी कधी केलाच नाही."

"लिही तर."

"मोठी माय, लोक हसतील मला. इतकी मोठी कंपनी. त्यांना वाटेल, हिला साधं एवढं कळत नाही."

"हसले तर गोड खीर करून घालीन तुला. लिही."

गुरूने सांगितलं की करावं, अशा संस्काराची ती पोर. तिने लिहिलं, पण मन खट्टू झालं. म्हातारीला आपला आनंद बघवत नाही की काय, अशी शंकासुद्धा तिच्या मनाला शिवली. तसं तिने नंतर स्वतः सांगितलं, म्हणून मी लिहिते. एरवी कुणाच्या मनात डोकावण्याची मला हौस नाही.

उत्तर लगेच आलं. मोठी माय डाळीकडे वळलीही नव्हती. 'होय हर्षालीजी, तुमचे ज्वारीचे मांडे आमच्या संपूर्ण टीमला अतिशय आवडले. विशेषतः त्यांची चव. कृपया फाइल लवकर उघडावी.'

हर्षालीने ते दोनदा वाचलं. अंगणात कावळा ओरडत होता.

"शहरातला माणूस आहे," अखेर हर्षाली म्हणाली. "त्याला काय कळतं ज्वारी नि गहू. दिवसाला शंभर जणांना लिहीत असेल. चुकून हो म्हणाला असेल."

"मांडा खाल्ला नाही त्याने. व्हिडिओ पाहिला असेल फार तर. मग चव कुठून आली?"

"तशी बोलण्याची पद्धत असते."

"हर्षाली, बस जरा. तुला एक सांगते."

"उद्या ऐकते, मोठी माय. सायंकाळपर्यंतच मुदत आहे."

ती उठली. मोठ्या मायने तिचा पदर धरला, पण कापणाऱ्या हातात पदर किती वेळ राहणार?

आता काही शहाणी माणसं म्हणतील, इतकं उघड दिसत असताना ती गेली म्हणजे मूर्खच असली पाहिजे. असं म्हणणाऱ्यांनी आपल्याला कधी कशाची भूक लागली होती का ते आठवून पाहावं. हर्षाली लोभी नव्हती. त्या पत्रात मोबदल्याचा आकडा होता. तो तिने मोठ्या मायला वाचूनसुद्धा दाखवला नव्हता. तिला ते पत्र सासूपुढे ठेवायचं होतं. नवऱ्यापुढे ठेवायचं होतं आणि म्हणायचं होतं, हा बघा माझा विरंगुळा.

घरी जाऊन तिने लॅपटॉप उघडला. फाइल उघडली, पासवर्ड घातला. पडद्यावर क्षणभर काहीतरी लुकलुकलं आणि काहीच दिसलं नाही. करार नाही, कागद नाही. तिला वाटलं, यंत्र जुनं आहे. तिने पुन्हा उघडून पाहिलं.

संध्याकाळ व्हायच्या आत 'लेकीचं खापर' तिचं राहिलं नाही. तिचा पासवर्ड चालेना. पेजवरचं नाव बदललं. मोठ्या मायच्या हातांच्या जागी कुठल्यातरी आभासी नाण्याचं सोनेरी चित्र आलं. मग जुने व्हिडिओ एकेक करून नाहीसे होऊ लागले, आणि हर्षाली नवऱ्याच्या मोबाईलवर ते बघत बसली. आधी आखाजीचे मांडे गेले. मग पोळ्याचे. मग तो पहिला व्हिडिओ, ज्यात मागून आवाज येई, "सासू नाही ती, जोरात आपटू नको."

तिने तक्रारी केल्या. ज्या कंपनीचं ते पेज-यंत्र, तिला लिहिलं. तिकडून यंत्रानेच उत्तर दिलं. तालुक्याला जाऊन पोलिसांत अर्ज दिला. तिथल्या माणसाने सौजन्याने तो लिहून घेतला आणि सौजन्यानेच सांगितलं की असे पुष्कळ अर्ज आहेत. नवरा मनापासून हळहळून म्हणाला, "जाऊ दे गं. विरंगुळाच होता." सासू काही बोलली नाही. त्या दिवशी तिचा टोमणासुद्धा हर्षालीला चालला असता.

पण खरा घाव अजून पडायचा होता. दोन दिवसांनी बेबाबाईचा फोन आला.

"ताई," ती म्हणाली. "तुझा निरोप आला होता. तू लिहिलं, मला कंपनीचं काम मिळालं, बेबाबाई, तूही ही फाइल उघड, तुलाही मिळेल."

"मी नाही लिहिलं."

"तुझ्या नावाने आला. तुझ्या फोटोसकट. मी सायबर कॅफेवाल्याकडे जाऊन उघडलं. आता माझं पेज माझं राहिलं नाही. माझ्या गिऱ्हाइकांना माझ्या नावाने निरोप जाऊ राहिले. तू लिहिलंस म्हणून उघडलं मी. दुसऱ्या कुणाचं उघडलं नसतं."

हर्षाली काय बोलली ते तिलाही आठवत नाही. फोन बंद झाला होता. पुन्हा लावला तर बेबाबाईने उचलला नाही. पुढेही कधी उचलला नाही.

त्या दिवशी हर्षाली मोठ्या मायकडे गेली आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसली. मोठी माय आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. अर्धं पाणी वाटेत सांडलं.

"तुझे हात गेले, मोठी माय. एकही उरला नाही."

"माझे हात आधीच गेले होते. पाणी पी."

"मला शिव्या दे."

"देते, पण आधी पाणी पी." ती पाणी पिईपर्यंत मोठी माय थांबली. मग म्हणाली, "परवा सांगणार होते ते आता ऐक. तेव्हा ऐकलं असतंस तरी गेली असतीस, हे मला माहीत आहे. म्हणून मनाला लावून घेऊ नको."

आणि तिने सांगितलं.

"मी या घरात आले तेव्हा माझ्या मागून माझी धाकटी जाऊ आली. गजरा नाव तिचं. भातुकलीच्या वयाची. तिचं माहेर दूर, डोंगराकडे. आखाजीला लेकीला न्यायला माहेरचा माणूस येतो ना, मुराळी म्हणतो आपण त्याला. गजराला कधी मुराळी आला नाही. गरिबी असेल, दुसरं काही असेल. दर आखाजीला ती वेशीपर्यंत जाई आणि परत येई. मग एका वर्षी आला. उंच माणूस, पांढरा फेटा. गजराच्या बापाचं नाव त्याला ठाऊक, भावाचं ठाऊक, गावाचं ठाऊक. म्हणाला, लेकीची आई वाट बघून झुरली. म्हणाला, अशी गुणाची लेक आमच्या गावात झाली नाही. म्हणाला, बैलगाडी वेशीबाहेर उभी आहे, ऊन चढायच्या आत निघायला हवं. सासूबाईंनी गुळपाणी पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही. वेळ नाही म्हणाला. गजराची वेणी मी घातली. ती आनंदाने थरथरत होती, वेणी धरवत नव्हती.

"चार दिवसांनी दारात एक माणूस आला. अंगरखा फाटलेला, पायी चालत आलेला. ओट्यावर बसला, तांब्याभर पाणी प्याला, आमच्या म्हशीची चौकशी केली, उन्हाळ्याबद्दल कुरकुर केली, आणि मग हळूच म्हणाला, गजराला धाडता का दोन दिवस? तो तिचा भाऊ होता."

हर्षालीने मान वर केली.

"गजरा आली नाही. अजून आली नाही. कुठे नेली, कुणी नेली, कळलं नाही. फार शोधलंही नाही कुणी. सुनेला कोण शोधतं? भाऊ मात्र दर आखाजीला येई आणि ओट्यावर बसून जाई. मग तोही येईना.

"त्यानंतर आमच्या सासूबाईंनी एक रीत घातली. आमचं पाहून पंचक्रोशीने घेतली. मुराळी दारात आला की त्याला आधी विचारायचं, काळी गाय व्यायली का? ज्या घरी काळी गाय नाही त्याच घरच्या माणसाला हे विचारायचं. खरा मुराळी गोंधळतो. म्हणतो, कोणती गाय? आमच्याकडे गाय कुठली? कुणी तर चिडतो, थट्टा करता का म्हणतो. त्याला म्हणायचं, बस, पाणी आणते. आणि जो म्हणेल, हो व्यायली, गोऱ्हा झाला, छान आहे, त्याला वेशीबाहेर घालवायचं. ज्याला आपलं घर माहीत आहे त्याला आपल्या घरात काय नाही तेही माहीत असतं, पोरी. ठक आपल्याबद्दल ऐकून येतो. त्याने जे ऐकलं ते सगळं बरोबर असतं, पण जे नाही ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि तो नाही म्हणू शकत नाही. नाही म्हटलं तर आपण नाराज होऊ, दार लावू, ही त्याला भीती. आपल्या माणसाला ती भीती नसते."

"म्हणून ज्वारीचे मांडे," हर्षाली म्हणाली.

"म्हणून ज्वारीचे मांडे."

"पण तो हो म्हणाला, आणि तरी मी गेले."

"गजरालाही पुष्कळ खुणा दिसल्या असतील. त्याने पाणी घेतलं नाही हे तिने पाहिलं होतंच की." मोठी माय थांबली. "ज्याला कधी मुराळी आला नाही, त्याला फसवायला फार अक्कल लागत नाही. म्हणून ही तपासणी एकटीने करायची नसते. दारात सासू, जावा, शेजारीण, चार जणी उभ्या राहत. जिला न्यायचं तिला विचारतच नसत. ती कशाला नाही म्हणणार?"

हर्षाली रडली नाही. तिने विचारलं, "आणि जिने दुसरीला बोलावून घातलं ती? माझ्या आवाजात बेबाबाईला नेलं त्यांनी."

म्हाताऱ्यांजवळ सगळ्याची उत्तरं असतात असं समजणाऱ्यांनी म्हाताऱ्यांच्या जवळ बसून पाहावं. मोठी माय एवढंच म्हणाली, "तिच्या दारात जा. ती हाकलेल. पुन्हा जा. मुराळ्याने तेच करायचं असतं."

आखाजी आली. झोके बांधले गेले. मोठ्या मायने पीठ आपटायला लावलं आणि हर्षालीने मांडे टाकले. व्हिडिओ कुणी काढला नाही. एक मांडा फाटला, पुरण चुलीत पडलं आणि घरभर जळक्या गुळाचा वास पसरला. मोठी माय तिच्या हातांकडे बघत होती. मग तिने पुढचा उंडा त्या हातांवर ठेवला.

मग हर्षालीने नवं पेज उघडलं. रिकामं. त्यावर तिने आपले हात दाखवले आणि काय घडलं ते न लपवता सांगितलं. फाइलचं, कुलपाचं, पत्त्याच्या शेपटीचं, घाईचं, आणि ज्वारीच्या मांड्यांचं. गाईचं मात्र सांगितलं नाही. ती गोष्ट मोठ्या मायची होती. ज्या ज्या बाईचं नाव तिला आठवलं, तिला तिने स्वतंत्र निरोप लिहिला. पण तोवर चोरांनीही शहाणपण केलं होतं. तेही लिहीत होते, 'मी हर्षाली, माझं जुनं पेज गेलं, हे नवं आहे, इथे या.' खऱ्याची आणि खोट्याची हाक अगदी एकसारखी झाली होती. बहुतेक जणींनी उत्तर दिलं नाही. काहींनी शिव्या दिल्या. एकीने लिहिलं, एकदा फसवून पोट भरलं नाही का?

हर्षाली रागावली नाही. तिला आता ठाऊक होतं की दार लावणारी बाई शहाणी असते.

बेबाबाईला ती दर थोड्या दिवसांनी लिही. उत्तर येत नसे. एकदा तिने लिहिलं, 'बेबाबाई, तुझ्या कुरडयांचे दिवस आले. ऊन बरं आहे का तिकडे? काही मागत नाही. एवढंच विचारते.'

दुपारी पडद्यावर बेबाबाईचं नाव उमटलं. निरोप होता:

'काळी गाय व्यायली का?'

हर्षालीने ते वाचलं. पंचक्रोशीची रीत तापीपलीकडेही पोहोचली होती तर. कुणा सासूने, कुणा जावेने ती रीत तिकडे नेली असेल. आणि आज आपण दारात उभ्या आहोत, बाहेरच्या बाजूला, फाटक्या अंगरख्यात. इतकी वर्षं ज्या बाईला आपण नाव घेऊन उत्तर दिलं, तिने आपल्याला ओळखायला नकार द्यावा, आणि तोच तिचा शहाणपणा असावा, हे पोटात उतरायला वेळ लागला. तिला वाटलं, लिहावं की अगं मीच ती, तुझी ताई, आठव. पण ठकही हेच लिहितो. लिहिण्यासारखं एकच होतं, आणि त्यात गोड काही नव्हतं.

तिने लिहिलं, 'आमच्याकडे गाय नाही, बेबाबाई. कधीच नव्हती.'

शेजारच्या ओसरीवर मोठी माय डाळ निवडत होती. सांडल्याचा आवाज येई, मग गोळा केल्याचा.

मग उत्तर आलं.

'बस. पाणी आणते.'